शॉकवेव्ह प्रकाशाच्या वेगाने येत नाही हो, म्हणून तर वेळ मिळतो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याकडच्या एमआयडीसीतल्या स्फोटाला वर्ष झालं म्हणून अर्धं पान आलं होतं. फोटो चांगले होते, माणसांबद्दल पण आपुलकीने लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खाली एक चौकट होती आणि त्यात छापलंय की स्फोटाच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने पसरल्या आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. एवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय, लांब होईल, कापायचं तर कापा पण मधलं सेकंदांचं गणित तेवढं ठेवा.

मी काचवाला. ॲल्युमिनियम स्लायडिंग, शॉवर पार्टिशन, आरसे, असलं काम, दुकान वडिलांचं. त्याआधी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो, नोकरी लागली नाही, दुकानात बसलो, आता बावीस वर्षं झाली. स्फोटानंतर दीड महिना मी आणि माझे दोन कारागीर नुसत्या फुटलेल्या काचा बदलत होतो, सकाळी आठला माप घ्यायला निघायचो ते रात्री दहाला घरी. कंपनीचं नाव आणि आमच्या भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, केस चालू आहे आणि माझा त्यात संबंध नाही.

तर त्या दीड महिन्यात मी शंभरावर घरं बघितली असतील, आणि प्रत्येक घरात गोष्ट तीच. भाऊ, आधी खिडकीत एकदम उजेड झाला, नारिंगी, म्हणून काय झालं बघायला गेले आणि मग काच अंगावर आली. एका मावशींना कपाळापासून हनुवटीपर्यंत चौदा टाके. एक कॉलेजचा मुलगा मोबाइल काढून शूटिंग करत होता, डोळा थोडक्यात वाचला. स्वयंपाकघरात ओट्यापाशी होत्या त्या बायकांना काही नाही, उजेड बघून खिडकीशी गेले ते सगळे जखमी. म्हणजे स्फोटाने जेवढं केलं त्यात आपल्या बघायला जाण्याचा पण वाटा आहे, कटू आहे पण खरं आहे.

आता गणित बघा. प्रकाश एका सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. त्या मावशींचं घर कंपनीपासून दीड किलोमीटर, म्हणजे उजेड त्यांच्यापर्यंत सेकंदाच्या दोन लाखाव्या भागात पोचला, लगेचच म्हणा. आवाज मे महिन्याच्या उकाड्यात सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, दीड किलोमीटरला चार सेकंद आणि वर थोडं. शॉकवेव्ह, म्हणजे स्फोटाने हवेत उठणारी दाबाची लहर, आवाजापेक्षा जोरात निघते, स्फोटाच्या अगदी जवळ तर आवाजाच्या कितीतरी पट, पण पुढे जाता जाता तिचा दम जातो आणि लांब गेल्यावर तिचा वेग आवाजाच्या जरा वर, मग आवाजाएवढाच. म्हणजे त्या चार सेकंदातले फार तर थोडे कमी होतील. साडेतीन धरा. साडेतीन सेकंदात माणूस खिडकीपर्यंत चालत जातो, आणि तेवढ्याच साडेतीन सेकंदात माणूस खिडकीकडे पाठ करून खाली बसूही शकतो. तुमच्या चौकटीतलं वाक्य खरं असतं तर हे साडेतीन सेकंद मिळालेच नसते, उजेड आणि काच एकदमच आली असती. म्हणून म्हणतो ही नुसती फिजिक्सवाल्याची किरकिर नाही.

हे आपल्याकडेच झालं असं पण नाही. रशियात चेल्याबिन्स्क म्हणून शहर आहे, तिथे १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी साधारण २० मीटरचा अशनी सेकंदाला १९ किलोमीटरच्या वेगाने आला आणि जमिनीपासून ३० किलोमीटर वर फुटला. क्षणभर सूर्याहून जास्त लख्ख उजेड पडला. लोक अर्थातच खिडकीत आले, आभाळात धुराचा पट्टा राहिला होता तो बघत उभे राहिले, आणि दोन मिनिटांहून जास्त वेळाने शॉकवेव्ह खाली आली. दीड हजाराच्या आसपास लोकांना उपचार घ्यावे लागले, बहुतेक काचेचे जखमी. दोन मिनिटं हो! दोन मिनिटात आमचा कारागीर खिडकीचा पूर्ण पल्ला खाली उतरवतो.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ ला दारूगोळ्याचं जहाज आधी नुसतं जळत होतं, लोक घरांच्या आणि कारखान्यांच्या खिडक्यांत उभं राहून बघत होते. मग ते फुटलं. जवळपास दोन हजार माणसं गेली, हजारो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली आणि डॉक्टरांना अडीचशेच्या आसपास डोळे काढावे लागले. आणि बैरुतचे व्हिडिओ तर आपण सगळ्यांनीच व्हॉट्सॲपवर बघितलेत, ४ ऑगस्ट २०२०, गोदामात २७५० टन अमोनियम नायट्रेट, आधी धूर, मग एक छोटा स्फोट, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास मोठा. इतके व्हिडिओ आपल्याकडे आले कसे, तर लोक खिडकीत, गॅलरीत मोबाइल धरून उभे होते म्हणून.

हिरोशिमातले लोक त्या बॉम्बला पिकादोन म्हणायचे. पिका म्हणजे लख्ख उजेड, दोन म्हणजे धडाम. जे अगदी जवळ होते ते नुसतं पिका म्हणायचे, त्यांना धडाम वेगळं ऐकूच आलं नाही. लांबच्यांना दोन्ही वेगवेगळं कळलं म्हणून पिकादोन. लहरींचं एवढं फिजिक्स एका बोलीतल्या शब्दात बसलंय, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि आपल्या मुंबईला कुणी शिकवायची गरजच नव्हती. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज, पोटात १४०० टनांच्या आसपास स्फोटकं, वर कापसाच्या गाठी, आत सोन्याच्या विटा. दुपारी आग दिसली, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. सोन्याची एक वीट लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण सोनं आलं की गोष्ट लक्षात राहते. त्याच दिवसाची आठवण म्हणून देशभर अग्निशमन दिवस पाळतात, शाळांत बादली आणि वाळू दाखवतात, पण खिडकीबद्दल मला तरी कुणी शाळेत सांगितलं नाही.

आता आमच्या सोसायटीची भानगड सांगतो, कारण खरा राग तिथला आहे. स्फोटानंतर ठरलं की कंपनीकडच्या बाजूच्या काचांचा खर्च सोसायटीच्या फंडातून, नंतर भरपाई मिळाली की फंडात परत. ठीक. पण मागच्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांच्या पण काचा गेल्या होत्या, आणि सेक्रेटरी साहेब म्हणाले की त्या खिडकीतून कंपनी दिसतच नाही तर काच फुटेल कशी, तुमच्या पोरांनी बॉलने फोडली असेल. मीटिंगमध्ये बहुतेकांनी माना डोलावल्या. आणि गंमत म्हणजे सेक्रेटरी साहेबांचं लॉजिक प्रकाशाला अगदी फिट बसतं! जिथून दिवा दिसत नाही तिथे दिव्याचा सरळ उजेड पोचत नाही. पण शॉकवेव्ह म्हणजे प्रकाश नव्हे.

लहर अडथळ्याला वळसा घालते की नाही हे तिच्या लांबीवर असतं. प्रकाशाची लांबी मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा पण कमी, त्याच्यासमोर आमची सात मजली बिल्डिंग म्हणजे हिमालय, म्हणून मागे कडक सावली पडते. स्फोटाची दाबाची लहर मात्र पुढच्या टोकापासून शेपटीपर्यंत कित्येक मीटर लांब असते, बिल्डिंगच्या मापाचीच. ती कोपऱ्यावरून वळते, गच्चीवरून खाली उतरते आणि मागच्या खिडकीवर येते, जोर कमी झालेला असतो पण संपलेला नसतो. रस्त्यावरचा बँडबाजा मागच्या खोलीत दिसत नाही पण ऐकू येतो की नाही? तसंच. पुढच्या भिंतीवर मात्र ती थडकून परत फिरते तेव्हा दाब दुप्पट होतो, जवळून जोरात आली असेल तर दुपटीच्याही वर, म्हणून पुढे जास्त आणि मागे कमी फुटलं. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले तुम्हाला काचा विकायच्यात. झालं. गप्प बसलो.

अजून एक भांडण म्हणजे काचा बाहेर पडल्या त्याचं. सर्व्हेला आलेल्या माणसाचं म्हणणं, स्फोट बाहेर झाला तर काच आत पडायला पाहिजे, इथे तर छज्जावर पडलीय, म्हणजे आतून फुटलीय. अहो शॉकवेव्हला दोन पावलं असतात. आधी एकदम दाब वाढतो, आणि मागोमाग दाब नेहमीपेक्षा खाली जातो, जरा जास्त वेळ पण कमी जोराने. पहिला ढकलतो, दुसरा ओढतो. पहिल्या धक्क्यात काच तडकते आणि फ्रेममध्ये लटकून राहते, मग ओढीने बाहेर येते, हे मी स्वतः कितीतरी छज्जांवर बघितलंय, काच धरून ठेवणाऱ्या बीडिंगच्या पट्टीसकट बाहेर. बैरुतच्या व्हिडिओत तो पांढराशुभ्र घुमट क्षणात मोठा होतो आणि विरतो, तो धूर नाहीये. दाब खाली गेला की हवा थंड होते आणि समुद्रावरच्या दमट हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन ढग होतो, म्हणजे ते दुसरं पाऊल डोळ्यांना दिसलंय तिथे.

आता शॉकवेव्ह म्हणजे मोठा आवाजच ना, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं. साध्या आवाजात हवेचा दाब इतका किंचित बदलतो की हवेला त्याचं काही वाटत नाही, लहर आली तशी पुढे जाते. पण दाब जबरदस्त असला की दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत लहर जोरात पळते. मग मागचा भाग पुढच्याला गाठतो, रेटतो, आणि लहरीचं तोंड सरळ उभ्या भिंतीसारखं होतं. भरतीची लाट किनाऱ्याशी येताना कशी उभी राहते, मागचं पाणी पुढच्यावर चढतं, साधारण तशी. स्फोटाजवळ ही भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. म्हणजे काचेला तयारीला वेळच नाही, एका क्षणी काही नाही आणि पुढच्या क्षणी पूर्ण दाब.

प्रकाशाचं असं होत नाही. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आणि सूर्याचा उजेड, वेग एकच, झगझगीत आहे म्हणून जास्त पळत नाही, मागचा पुढच्याला गाठत नाही. दोन टॉर्चचे झोत एकमेकांतून आरपार जातात, जसे काही भेटलेच नाहीत, नवरात्रात ग्राउंडवर लेझर लावतात तेव्हा बघा. शॉकवेव्ह मात्र एकमेकींना ओळखतात. जमिनीवर आपटून परत आलेली लहर आधीच तापलेल्या हवेतून जाते म्हणून जास्त पळते, पहिलीला गाठते आणि दोघी मिळून एकच दांडगी लहर होते. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीवर न फोडता ६०० मीटरच्या आसपास वर फोडला त्यामागे हा हिशोब पण होता.

एका बाबतीत दोघी बहिणी शोभतात, आरशाच्या. आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुतखडा शॉकवेव्हने फोडला, चिरफाड काही नाही. १९८० साली जर्मनीत म्युनिकला हे पहिल्यांदा माणसावर केलं, त्यात धातूची अंडाकृती अर्धी वाटी असते, एका ठरलेल्या बिंदूवर पाण्यात ठिणगी पाडायची आणि समोरच्या बिंदूवर खडा येईल असं माणसाला धरायचं. अंतर्वक्र आरसा उजेड एकत्र करतो तसंच. तो गिऱ्हाईक मला विचारत होता की मशीनमधून काय किरण येतात, म्हटलं किरण नाही हो, चापट येते.

आणि शॉकवेव्ह दिसते का? दिसते, पण प्रकाशाच्याच मदतीने. दाबलेली हवा दाट असते, दाट हवेत प्रकाश किंचित वाकतो, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पलीकडची गाडी थरथरताना दिसते ना, तसा. प्रागचे अर्न्स्ट माख आणि त्यांचे सहकारी पीटर साल्खर यांनी १८८६ साली याच युक्तीने सुटलेल्या गोळीचे फोटो काढले, गोळीच्या नाकापुढे होडीपुढच्या लाटेसारखी शॉकवेव्ह चक्क काचेच्या प्लेटवर उमटली. वेग आवाजाच्या किती पट ते सांगायला माख नंबर म्हणतात तो याच माणसाच्या नावाचा. विमानाचं पण तेच, आवाजाची हद्द ओलांडताना एकदाच धडाम होतं असं तुम्ही लोक नेहमी छापता, तसं नसतं, विमान आवाजापेक्षा जोरात आहे तोवर शॉकवेव्हचा शंकू त्याच्या मागे जमिनीवरून फरफटत येतो आणि ज्याच्या डोक्यावरून जाईल त्याला धडाम ऐकू येतं. बंगळुरूला २० मे २०२० ला असा आवाज झाला, लोकांना भूकंप वाटला, नंतर कळलं हवाईदलाचं टेस्ट फ्लाइट होतं आणि तेही शहराच्या हद्दीबाहेर.

बरं, प्रकाशाला पण असा शंकू असतो हे ऐकून माझ्या पोरीला खोटं वाटलं. प्रकाशापेक्षा जोरात कोण पळणार? पण पाण्यात प्रकाशच मंदावतो, सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर, आणि अणुभट्टीतून निघालेले इलेक्ट्रॉन पाण्यात त्याच्यापेक्षा जोरात जाऊ शकतात, मग मागे निळा उजेड सुटतो. चेरेंकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तो अभ्यासला, १९५८ ला नोबेल. लडाखात हानलेला आपल्या बीएआरसीने २१ मीटरची दुर्बीण बसवलीय ती आकाशातला असाच उजेड पकडते. असो, विषय काचेचा आहे.

काचेला किती सोसतं ते सांगतो. बाइकच्या टायरमध्ये आपण तीस पीएसआय हवा भरतो. फक्त एक पीएसआय जास्तीचा दाब ४ बाय ३ फुटाच्या खिडकीवर आला तर काचेवर पावणेआठशे किलो वजन पडतं. साधी ४ एमएमची काच त्याच्या निम्म्यातसुद्धा जाऊ शकते, आणि फुटली की सुरीसारखे लांब तुकडे. टफन काच फुटते पण तिचे खडीसाखरेएवढे दाणे होतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, गाडीच्या पुढच्या काचेसारखा, तडकते पण जागा सोडत नाही. धंद्याची जाहिरात समजू नका, लॅमिनेटेड महाग आहे आणि मला त्यात फार सुटतही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी पलंग आणि पोरांचं अभ्यासाचं टेबल खिडकीखालून हलवलं तरी खूप झालं, जाड पडदा ओढलेला असेल तर बरेच तुकडे पडद्यातच अडकतात, हे मी कितीतरी घरांत पडदे झटकताना बघितलंय.

वडील सांगायचे, ७१ च्या लढाईत दुकानात दोनच गोष्टींची विचारणा. एक काळा कागद, काचेवर लावायला, म्हणजे उजेड बाहेर जाऊ नये. दुसरं कागदाच्या पट्ट्या आणि खळ, काचेवर फुली मारायला, म्हणजे बॉम्ब पडला तर तुकडे उडू नयेत. एकाच खिडकीवर दोन इलाज, एक प्रकाशासाठी आणि एक धक्क्यासाठी. वडील सातवी शिकलेले, पण दोन लहरी वेगळ्या हे त्यांना पक्कं माहीत होतं. मे २०२५ मध्ये मॉक ड्रिल झालं तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये दिवे बंद करायला सांगितलं, लोकांनी केले, आणि मग सगळे कुठे गेले तर गॅलरीत, बाकीच्यांनी दिवे बंद केलेत का बघायला!

डोंबिवलीत २६ मे २०१६ ला झालं, २३ मे २०२४ ला परत झालं, आमच्याकडे झालं. कारखाने आणि घरं एवढी चिकटून आहेत तोवर पुन्हा कुठेतरी होणार, त्याचा दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. तुमच्याकडून एवढंच हवंय की ती चौकट दुरुस्त करून परत छापा. त्यात लिहा की उजेड आधी येतो, शॉकवेव्ह दर किलोमीटरला तीन सेकंदाच्या जरा आत मागून येते, उजेड दिसला की खिडकीकडे जाऊ नका, पाठ करा, खाली बसा, डोळे आणि कान झाका, आणि मोबाइल राहू द्या. आणि जागा उरली तर हेही लिहा की मागच्या बाजूच्या काचा पण फुटतात आणि बाहेरच्या बाजूला पण पडतात. आमच्या सोसायटीची मीटिंग पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी आहे, मागच्या फ्लॅटवाल्यांचा विषय परत येणार आहे. माझं बोलणं कुणी ऐकत नाही, पेपरात आलेलं कात्रण घेऊन गेलो तर बघू.

आपला,
एक काचवाला वाचक, ठाणे जिल्हा